साधी लग्नाची अंगठी चालेल

मी माझ्या आयुष्याची एकोणीस वर्षं भेंडी सरळ आहे की वाकडी हे बघण्यात घालवली. लग्नाकार्यात कुणाशी नव्यानं ओळख झाली आणि त्यानं विचारलं, "आपण काय करत होता?" तर मी हेच सांगतो. समोरचा हसतो. मग मी हसत नाही हे बघून तोही गंभीर होतो. मागच्या वर्षी आमच्या व्याह्यांनी तर मला मांडवाच्या कडेला नेऊन हळूच विचारलं, "आप्पा, पण पगार द्यायचे ना त्याचा?" द्यायचे, वेळेवर द्यायचे. न्हावऱ्याहून मांडवगण फराट्याकडे जाताना उजव्या हाताला निळ्या पत्र्याचं पॅकहाऊस लागायचं, तिथं मी सुपरवायझर होतो.

पॅकहाऊस म्हणजे काय हे आधी सांगतो, कारण बऱ्याच जणांना तो कारखाना वाटतो. शेतातून सकाळी तोडलेली भेंडी आणि मिरची तिथं यायची. टेबलांवर बायका ती निवडायच्या, छोट्या ट्रेमध्ये भरायच्या, ट्रे पेटीत, पेटी कोल्ड रूममध्ये आणि तिथून गाडीनं विमानतळाला. दोन दिवसांनी तीच भेंडी युरोपातल्या दुकानात. भेंडी बोटभर लांबीची हवी, कोवळी हवी, डाग नको आणि सरळ हवी. जरा कमरेत वाकली की बाजूला. ती मग दौंडच्या बाजारात जायची आणि आपण खायचो. नव्यानं आलेली प्रत्येक बाई पहिल्या दिवशी विचारायची, "आप्पा, वाकडी भेंडी चवीला वाकडी लागती व्हय?" मी सांगायचो, "त्यांना तशी लागते." गोरा माणूस जेवणाच्या बाबतीत जरा अडाणीच, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

या मतापायी एकदा मी अख्खी गाडी बुडवली होती. मिरचीची ऑर्डर होती. माल निवडताना मला वाटलं, परक्या मुलखात आपलं नाव जातंय, तर पाणचट मिरची कशाला पाठवायची? वडगावच्या एका शेतकऱ्याकडची जहाल मिरची मी मुद्दाम शोधून भरली. आठ दिवसांत तक्रार आली. कुणी तरी ती कच्ची चिरून कोशिंबिरीत घालून खाल्ली होती, आणि मग त्या घरात काय झालं याचं तीन पानी वर्णन होतं. मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "ऑर्डरमध्ये सौम्य लिहिलं होतं, वाचलं नाही का?" मी म्हणालो, "वाचलं होतं. पण मला वाटलं चुकून लिहिलंय." मिरची तिखट नको असं शुद्धीवरचा माणूस लिहील, हे मला खरंच पटलं नव्हतं. पुढच्या हंगामात मिरचीची ऑर्डर आली नाही.

राहिली भेंडी. ती घेणारा हॉलंडचा एकच खरेदीदार होता आणि त्याच्या जिवावर पॅकहाऊस चाललं होतं. एका वर्षी त्यानं कळवलं की पंधरा दिवसांनी आमचा माणूस तपासणीला येईल, पास झालात तर माल घेऊ. नापास झालो असतो तर पॅकहाऊसला कुलूप आणि चाळीस बायका पुन्हा दुसऱ्याच्या उसात खुरपायला. उन्हातून सावलीत आलेलं माणूस परत उन्हात जायला किती घाबरतं, ते त्या पंधरा दिवसांत मी रोज बघितलं.

माणसाच्या आधी त्याची यादी आली. इंग्रजीत, बारा पानं. ती मराठीत करून बायकांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. टोपी हवी, मास्क हवा, गमबूट हवेत, हे सगळं ठीक. पाचव्या पानावर लिहिलं होतं, कामाच्या जागी कोणतेही दागिने चालणार नाहीत. बांगड्या नाहीत, कानातलं नाही, गळ्यातलं नाही, कपाळाला काही चिकटवलेलं नाही. आणि खाली कंसात एक सवलत होती: साधी लग्नाची अंगठी चालेल.

मी ते जसंच्या तसं वाचून दाखवलं.  मग यशोदाआक्का पुढं आल्या. आक्का म्हणजे आमच्या बायकांच्या मुकादम. वयानं माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या, आवाज असा की पॅकहाऊसला भोंग्याची गरज पडली नाही.

"आप्पा," त्या म्हणाल्या, "लग्नाची अंगठी आमच्यात कोन घालतं?"

"कुणी नाही."

"मंग ही सवलत कुनाला?"

मी पान उलटून बघितलं. मागून एकीनं पाय वर केला आणि जोडवं दाखवलं, "ही बी लग्नाचीच हाय की, चालंल का?" सगळ्या हसल्या, पण मी ते मनावर घेतलं आणि हॉलंडला मेल केली. दोन दिवसांनी उत्तर आलं: पायाच्या बोटातली अंगठी गमबुटाच्या आत असल्यामुळे हरकत नाही. माझ्या एक्स्पोर्टच्या कारकिर्दीतला हा पहिला विजय.

काचेच्या बांगड्यांचं मलाही पटलं होतं. काच फुटून भेंडीत गेली तर कुणाच्या तरी पोराच्या घशात जाणार, तिथं वाद घालायचा नसतो. टिकलीचंही बायकांनी कुरकुरत मान्य केलं. अडलं ते मंगळसूत्राशी. घरी हे सांगितलं तर आमच्या सौभाग्यवतींनी पोळी तव्यावर तशीच ठेवून माझ्याकडे बघितलं. "चाळीस बायांना मंगळसूत्र काढायला सांगून आलात, आन् इथं माझ्या हातचं जेवायला बसलात?" त्या दिवशी पोळी करपलेली मिळाली. पुढचे चार दिवसही तव्यात काही सुधारणा दिसली नाही.

ठरल्या दिवशी तपासनीस आला. पीटर त्याचं नाव. चाळिशीचा, उंची सव्वासहा फूट तरी असावी. आमच्या दारातून येता-जाता तो दर वेळी खाली वाकायचा, त्यामुळे बायकांचं मत झालं की माणूस फार नम्र आहे. त्यानं भिंती बघितल्या, नळ बघितले, उंदरांचे पिंजरे मोजले. दुपारी जेवणाचा प्रश्न आला. गोऱ्याच्या पोटाला आपलं सोसायचं नाही, म्हणून आम्ही शिरूरहून खास सँडविच मागवले होते. पाहुण्याला एकटं वाटू नये म्हणून मॅनेजरसाहेब आणि मीही तेच खाल्ले. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी पीटरनं अगदी जपून विचारलं, "तुमचं हे पारंपरिक जेवण चांगलं आहे. पण बाहेर त्या बायका जे खातात त्याचा वास मला कालपासून येतोय, ते काय असतं?" मग तो आक्काच्या डब्यातली भाकरी आणि शेंगदाण्याचं कालवण मांडी घालून जेवला. मांडी घालायलाच त्याला पाच मिनिटं लागली.

जेवण झाल्यावर तो हात धूत होता तेव्हा आक्काचं लक्ष त्याच्या बोटाकडे गेलं. सोन्याचं साधं वळं.

"आप्पा, इचारा त्याला, हे काय हाय."

मी विचारलं. तो म्हणाला, लग्नाची अंगठी.

"काढून दाव म्हनावं."

मी जरा मऊ करून सांगितलं. पीटरनं ओढून बघितली, साबण लावून बघितली. अंगठी निघाली नाही. बारा वर्षांपूर्वी घातली, तेव्हापासून काढलेली नाही, म्हणाला.

"आता माझं सांगा त्याला," आक्का म्हणाल्या. "हे माझ्या गळ्यात सदतीस वरसं हाय. बाळंतपनात काढलं न्हाई, दवाखान्यात काढलं न्हाई. त्याची अंगठी भेंडीला हात लावती ती चालती. माझं ह्ये पोलक्याच्या आत ऱ्हातं, भेंडीनं त्याला कधी बघितलंबी न्हाई, आन् ते चालत न्हाई. तुमचं ते लगीन, आन् आमचं ते काय? घान?"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यात सगळ्यात जोरात टाळी शेवटच्या टेबलावरच्या कमलची होती, हे मला चांगलं आठवतं, कारण तोवर कमलचा आवाज मी फारसा ऐकलाच नव्हता.

मी शक्य तेवढं इंग्रजीत सांगितलं. 'घाण' या शब्दापाशी अडखळलो, पण तो पीटरला माझ्याशिवाय समजला असावा. त्यानं अंगठीवरचा साबण पुसला. मग म्हणाला, हा नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर त्यांच्या घरचीच माणसं असणार. मला बदलता येत नाही, पण मी वर लिहितो. उत्तर येईपर्यंत मात्र यादीप्रमाणे चालावं लागेल. माणूस सरळ होता. भेंडीच्या भाषेत बोलायचं तर एक्स्पोर्टचा.

आता कमलबद्दल सांगायला हवं. आतापर्यंत मी तिला टाळत आलोय, तेव्हाही टाळतच होतो. कमल मांडवगणची सून, माहेर दौंडचं, बारावी झालेली. नवरा मोटरसायकलच्या अपघातात गेला तेव्हा तिशीही झाली नव्हती. दोन मुलं. आमच्याकडच्या चाळीसांत तिचा हात सगळ्यात चलाख. तिनं भरलेला ट्रे मी कधी परत उघडून बघितला नाही. आणि ती बसायची सगळ्यात शेवटच्या टेबलावर, कोल्ड रूमच्या दारात. दार उघडलं की गार वारा थेट अंगावर. साडीवर एक स्वेटर आणि त्यावर दुसरा घालून ती भेंडी निवडायची.

तिथं तिला कुणी बसवलं नव्हतं. ते तसं होऊन गेलं होतं. हंगामाची पहिली पेटी सवाष्णीनं बंद करायची, पाच जणींनी हळदीकुंकू लावायचं, मग गाडी हलायची, ही आमची रीत. पुढच्या टेबलावर पहिली पेटी असायची, म्हणून कमल मागं. आणि पहिल्या दिवशी मागं बसलेली बाई दुसऱ्या दिवशी पुढं आली नाही. कुणी वाईट बोललं नाही. पहिल्या गाडीच्या दिवशी आक्का नुसतं म्हणायच्या, "कमल, जरा चहाचं बघ गं." आणि कमल चहाचं बघायची.

पीटरनं दोन दिवस घड्याळ लावून सगळ्यांचं काम बघितलं होतं. निघायच्या आधी त्यानं मला विचारलं, "तुमची सगळ्यात चांगली कामगार कोल्ड रूमच्या दारात का बसते?"

मी सुपरवायझर होतो. मला खरं काय ते माहीत होतं. पण परक्या माणसाला आपल्या घरातलं कसं सांगायचं? मी म्हणालो, "तिला थंडी आवडते."

पीटरनं तिच्याकडे बघितलं. "तिनं दोन स्वेटर घातलेत."

"हो," मी म्हणालो, "तिला स्वेटरही आवडतात."

कमल चार हातांवर होती. तिनं मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा भेंडी निवडायला लागली. बारावी दौंडला झालेली होती, इंग्रजी कळत होतं. मी तिथून घाईघाईनं पिंजरे मोजायला गेलो. ते आधीच मोजून झाले होते.

रिपोर्ट आला. आम्ही पास, पण मंगळसूत्राचा मुद्दा प्रलंबित. आणि शेवटी एक ओळ: 'संबंधित महिलेला थंडी आवडत असली, तरी ती जागा प्रकृतीला योग्य नाही. तिला पहिल्या टेबलावर बसवावे.' माझीच थाप सही-शिक्का होऊन परत आली होती. कमल पहिल्या टेबलावर आली. चालू हंगामाच्या पेट्या होत्या, पहिल्या पेटीचा प्रश्न नव्हता, त्यामुळे कुणी काही बोललं नाही.

मंगळसूत्राचं उत्तर येईपर्यंतचे तीन महिने विचित्र गेले. सकाळी आल्यावर एकेक बाई मंगळसूत्र काढून आपापल्या कप्प्यात ठेवायची आणि किल्ली कमरेला खोचायची. आक्का पहिल्या दिवशी कप्प्यापुढं इतका वेळ उभ्या राहिल्या की मला वाटलं आता ही बाई घरी जाणार. गेल्या नाहीत. पण दिवसभर त्यांचा हात गळ्याकडे जायचा, काही लागायचं नाही, आणि हात परत भेंडीवर. ते बघवायचं नाही. मी हॉलंडला एकामागून एक चार मेल केल्या. एका मेलमध्ये तर मी मंगळसूत्राचं चित्र काढून, मापं टाकून, एप्रनच्या आत ते कुठं राहतं ते बाणानं दाखवलं. असं चित्र काढणारा मी शिरूर तालुक्यातला पहिलाच असेन.

शेवटी परवानगी आली. पाचव्या पानावर नवी ओळ: बंद गळ्याच्या एप्रनखाली विवाहाचे गळ्यातील चिन्ह चालेल. पेढे वाटले. घरीही पोळ्या सुधारल्या. मी आठ दिवस छाती पुढं काढून फिरलो. हॉलंडनं आपलं ऐकलं, ही काय साधी गोष्ट?

पावसाळ्यानंतर नवा हंगाम लागला. पहिली गाडी दारात उभी, ड्रायव्हर घाईला आलेला, कारण विमान कुणासाठी थांबत नाही. आक्का हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या. या वेळी बायकांच्या गळ्यात मंगळसूत्रं होती आणि तोऱ्यानं होती. पहिली पेटी पहिल्या टेबलावर होती. पेटीसमोर कमल होती.

"कमल," आक्का नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "आजच्या दिस जरा मागं बस गं. चहाचं बघ."

कमल उठली नाही. चिकटपट्टी तिच्या हातात होती.

"आक्का," ती म्हणाली, "तुम्ही त्या सायबाला म्हनालात, तुमचं ते लगीन आन् आमचं ते काय, घान? तवा मी टाळी वाजवली. सगळ्यात जोरात वाजवली. त्याला निदान दाखवायला अंगठी तरी व्हती, तुम्हाला मंगळसूत्र. माझ्या बोटात चालनारी अंगठी न्हाई, गळ्यात काढायचं मंगळसूत्रबी न्हाई. मंग माझं ते काय, घान, हे मी आता कुनाला इचारू? कुठं मेल करायची, आप्पा?"

शेवटचा प्रश्न मला होता. मी सुपरवायझर होतो आणि मी पेटीवरचं लेबल वाचायला लागलो. गाडीवाल्यानं हॉर्न दिला. मॅनेजरसाहेब घड्याळाकडे बघू लागले. चाळीस बायकांतल्या दोघी-तिघी काहीतरी पुटपुटल्या, त्या कुणाच्या बाजूनं होत्या ते कळलं नाही.

आक्का ताट धरून तशाच उभ्या. मग त्या माझ्याकडे वळल्या. "आप्पा, रिपोर्टात कमलला कुठं बसवायचं लिवलंय?"

"पहिल्या टेबलावर."

"लिवलंय न्हवं? मंग काय सायबाचं मोडायचं का आपन? एवढ्या लांबून आला, गरीब बिचारा, भाकर खाऊन गेला. वंगाळ वाटंल त्याला." आणि कमलकडे न बघताच म्हणाल्या, "लाव पट्टी. सरळ लाव. वाकडी गेली तर नाव माझं जातं."

कमलनं पेटी बंद केली. पट्टी सरळ होती. आक्कांनी पेटीला हळदीकुंकू लावलं, गाडीला लावलं आणि चहाचं बघायला स्वतः गेल्या. पुटपुटणाऱ्यांनी त्या दिवशी चहा घेतला नाही, दुसऱ्या दिवशी घेतला. गाडी वेळेत पोचली, माल पास झाला आणि त्यानंतर दर हंगामाला पहिली पेटी कमलच बंद करायची. कुणी विचारलं तर आक्का सांगायच्या, "फॉरेनचा नियम हाय."

मला मात्र त्या दिवसाची लाज वाटते, अजून वाटते. मंगळसूत्रासाठी मी चार मेल केल्या. कमलचं टेबल पंधरा पावलं पुढं सरकवायला मला कुणाची परवानगी लागणार नव्हती. तरी ते काम हॉलंडच्या चिठ्ठीनं झालं, तेही माझ्या थापेवरून.

पुढच्या वर्षी पीटर पुन्हा आला. दारातून वाकून आत आला, आक्कांना नमस्कार केला, डब्याकडे आशेनं बघितलं. मग पहिल्या टेबलापाशी थांबला. कमल तिथं एका साध्या एप्रनमध्ये बसली होती, स्वेटर नव्हता. पीटरला माझं बोलणं आठवत होतं. त्यानं हसून मला विचारलं, "हिला आता थंडी आवडत नाही का?"

मी तोंड उघडायच्या आत कमलनं मान वर केली. "आय नेव्हर लाइक्ड कोल्ड, सर," ती म्हणाली. स्वच्छ इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

पीटरनं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघून टेबलावरची भेंडी तपासायला लागलो. सगळी सरळ होती.